ज्या वारी घाणा थांबायचा

ताई,

माझं वय सव्वीस. पनवेलला राहते, नोकरी ठाण्याला. ऑफिसातली माझी सगळ्यात जवळची मैत्रीण बेने इस्राएल आहे, म्हणजे आपल्याकडचे मराठी ज्यू. गेल्या गुरुवारी मी पहिल्यांदाच तिच्या घरी गेले. तिची आई एकदम गप्पिष्ट. बोलणं आपल्यासारखंच मराठी, चहाही आपल्यासारखाच. बोलता बोलता त्यांचं मूळ गाव अलिबागकडचं निघालं. माझी आजी रेवदंड्याची. मी उत्साहाच्या भरात बोलून गेले, 'अय्या, म्हणजे तुम्ही शनवार तेली ना? आमची आजी सांगायची!' काकू हसल्या, पण ते हसू काही बरं वाटलं नाही. 'हो, म्हणायचे खरे लोक तसं,' एवढं बोलून त्या कप उचलून आत गेल्या. निघताना मैत्रीण म्हणाली, 'एखाद्या शुक्रवारी रात्री जेवायला ये.' पण माझ्या डोक्यात तेच घोळत राहिलं.

घरी मामाला सांगितलं, तर तो म्हणाला, 'त्यात काय एवढं? त्यांचा शब्बाथ म्हणजे आपलं संस्कृत सप्त. सातवा दिवस.' त्याने त्यावरचा एक लांबलचक मेसेजही पाठवला. शुक्रवारी रात्री मी मैत्रिणीला माफीचे चार परिच्छेद पाठवले आणि खाली मामाचा तो मेसेज जोडला. आज शनिवार, दुपारचे चार वाजलेत. एकच टिक. फोन लावला तर बंद. तिने मला ब्लॉक केलं असेल का? माझं नेमकं काय चुकलं? शब्बाथ म्हणजे खरं काय? आणि जेवायला जाऊ की नको?

– एक ओशाळलेली, पनवेल


ओशाळलेल्या मुली,

आधी तुझा जीव भांड्यात पाडते. शुक्रवारी रात्री पाठवलेल्या मेसेजला शनिवारी चारपर्यंत उत्तर नाही, फोन बंद. अगं, ज्या शब्दाचा अर्थ तू मला विचारते आहेस, तोच शब्द त्या वेळी तिच्या घरात चालू होता! शुक्रवारचा सूर्य मावळायच्या आत तिने फोन बंद करून कपाटात ठेवला असणार. शनिवारी अंधार पडून आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो. तेव्हा तिने फोन उघडला असेल आणि तुझे चार परिच्छेद एकदम अंगावर आले असतील. हे उत्तर तुझ्या हाती पडेपर्यंत तुमचं बोलणं होऊनही गेलं असेल. तरी बाकीचे प्रश्न उरतातच.

काकूंना लागलं का? मला वाटतं, थोडं लागलं. फार नाही. का लागलं ते कळायला आधी तो शब्द नीट उलगडायला हवा, म्हणून वाकड्या वाटेने जाते. चाळीस वर्षं भाषा शिकवली, ही खोड आता जायची नाही.

हुकूम, हाकीम, हकीम, हिकमत. हे चारही शब्द मराठीत आपण सहज वापरतो. चारही अरबी, आपल्याकडे आले फारसीच्या वाटेने. यांतले स्वर जरा बाजूला काढ. मागे उरतं ह-क-म. शहाणपणाने निवाडा करणं, हा या तीन व्यंजनांचा गाभा. त्यातून न्याय करणारा हाकीम निघतो, त्याने दिलेला हुकूम निघतो, शहाणा वैद्य तो हकीम आणि डोकं चालवणं ती हिकमत. हिब्रूत जा, तिथेही हीच तीन व्यंजनं भेटतात: हाखाम म्हणजे शहाणा माणूस, होखमा म्हणजे शहाणपण. व्यंजनं खांबासारखी जागची हलत नाहीत, स्वर बदलले की अर्थ कूस बदलतो. अरबी, हिब्रू, अरामी, बाबिलोनची अक्कडी, इथिओपियातली अम्हारिक या भाषांच्या घराण्याची ही खूण. या घराण्याला सेमिटिक म्हणतात. बायबलमधल्या नोहाचा मुलगा शेम, त्याच्यावरून हे नाव १७८१ साली श्लोट्सर नावाच्या जर्मन पंडिताने भाषांना लावलं. माणसांच्या वंशाला ते चिकटवायचा उद्योग नंतरचा, आणि त्याने जगाचं फार वाटोळं केलं. पण तो आजचा विषय नाही.

तर शब्बाथ. त्यातली तीन व्यंजनं श-ब-त. हिब्रू अक्षरांच्या नावांनी सांगायचं तर शीन, बेत, ताव. अर्थ: थांबणे.

बस, एवढाच. विसावणे नाही, सातवा नाही, शनिवार तर नाहीच. थांबणे.

हे मी मनचं सांगत नाही. जुन्या करारातल्या तीन जागा बघ. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव सातव्या दिवशी आपल्या सगळ्या कामातून थांबला, असं आहे. गंमत अशी की तिथे 'शब्बाथ' हे नाम आलेलंच नाही. आलंय ते क्रियापद, 'वय्यिश्बोत', म्हणजे 'आणि तो थांबला'. दुसरी जागा प्रलयानंतरची. देव नोहाला शब्द देतो की पृथ्वी आहे तोवर पेरणी आणि कापणी, थंडी आणि ऊन, दिवस आणि रात्र थांबणार नाहीत. तेच क्रियापद. तिसरी मला सगळ्यात आवडते. इस्राएल लोक चाळीस वर्षं रानात भटकत होते, तेव्हा त्यांना आकाशातून मान्ना नावाचं अन्न मिळत होतं. ते कनान देशात पोचले, तिथल्या शेतातलं धान्य त्यांनी खाल्लं आणि दुसऱ्या दिवसापासून मान्ना पडायचा थांबला. यहोशवाच्या पुस्तकात हे आहे, आणि क्रियापद पुन्हा तेच. आता मान्ना काही दमला होता म्हणून थांबला नाही! दिवस-रात्रही थकून विसावा घेत नाहीत. म्हणून शब्बाथला 'विश्रांतीचा दिवस' म्हटलं की अर्थ जरासा निसटतो. विश्रांती थांबल्यावर मिळते, ती पुढची गोष्ट.

मराठीत याला जुळणारा शब्द मी बरेच दिवस शोधत होते. सुट्टी चालत नाही, सुट्टी कोणीतरी देतं. खाडा तर मुळीच नाही, खाड्याचे पैसे कापतात. उसंत जवळ येते, पण उसंत कामातच शोधावी लागते. शेवटी आजीच्या तोंडचा शब्द सापडला: खळ. 'पावसाला खळ नाही', 'हिच्या तोंडाला खळ म्हणून नाही'. चालू असलेलं काही मध्ये थांबणं, तो खळ. नोहाला दिलेलं वचन मराठीत असंच सांगता येईल: दिवस-रात्रीला खळ पडायचा नाही.

आजच्या हिब्रूत कामगारांच्या संपाला काय म्हणतात माहीत आहे? श्विता. तेच श-ब-त. देवाचं काम बंद आणि गिरणीचं काम बंद, दोन्ही एकाच धातूतून. मला तर हे फार आवडतं.

आता तुझा मामा. त्याला रागावू नकोस, त्याची चूक सज्जन माणसाची आहे. हिब्रूत सात म्हणजे शेवा, आठवडा म्हणजे शावुआ, आणि शब्बाथ येतो सातव्या दिवशी. कानाला सगळं एकच वाटतं. पण 'शेवा'चं शेवटचं व्यंजन आहे आयन, घशाच्या तळातून काढायचा एक आवाज, जो मराठीत नाही. 'शब्बाथ'चं शेवटचं व्यंजन ताव. सेमिटिक भाषांत तिसरा खांब बदलला की घरच बदललं. 'सप्त'बद्दल मात्र मामाला अर्धा गुण देते. संस्कृत सप्त, लॅटिन सेप्तेम, अरबी सबआ, हिब्रू शेवा यांचा सारखेपणा भाषाशास्त्रज्ञांच्याही डोळ्यांत भरला आहे, आणि हा आकडा फार पुरातन काळी एका घराण्यातून दुसऱ्यात उसना गेला असावा, असा तर्क काहींनी केला आहे. पण ती कथा साताची. शब्बाथची नव्हे.

आणि शनिवार? इथे मजाच आहे. आपल्याकडे आधी ग्रह, मग वार. आकाशात फार सावकाश सरकतो म्हणून तो शनैश्चर, आणि त्याचा वार तो शनिवार. जुन्या मराठी कागदांत 'मंदवार' लिहीत, तेही त्याच्या मंद चालीमुळेच. ग्रहांवरून वार मोजायची ही रीत आपल्याकडेही फार जुनी नाही. वाराचं नाव असलेला भारतातला सगळ्यात जुना मानला जाणारा लेख मध्य प्रदेशात एरणला आहे, बुधगुप्ताच्या काळातला, इ. स. ४८४ चा, आणि वार आहे गुरुवार. हिब्रूत उलटा प्रकार. वारांना नावंच नाहीत. पहिला दिवस, दुसरा दिवस, असं मोजत सहाव्यापर्यंत यायचं आणि सातव्याला तेवढं नाव, शब्बाथ. मग शनी ग्रहाला काय म्हणायचं? शब्ताई! शब्बाथवाला ग्रह. आपण ग्रहाचं नाव वाराला दिलं, त्यांनी वाराचं नाव ग्रहाला.

हा शब्द पुढे किती घरं फिरला बघ. अरबीत शनिवार म्हणजे सब्त. (हिब्रू 'श'च्या जागी अरबीत पुष्कळदा 'स' येतो: शालोम-सलाम, तसंच शब्बाथ-सब्त.) इटालियनमध्ये साबातो, रशियनमध्ये सुब्बोता, पोर्तुगीजमध्ये साबादु. म्हणजे गोव्यातल्या पोर्तुगीज काळच्या दप्तरांतही दर आठवड्याला हा शब्द आहे. फारसीत शंबे, आणि रविवार म्हणजे यकशंबे, 'शंबेनंतर एक'. अख्ख्या आठवड्याची मोजणी त्या एका थांब्यापासून. विद्यापीठातले प्राध्यापक 'सबॅटिकल'वर जातात, तेही हेच; सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची, नांगर घालायचा नाही, या बायबलमधल्या नियमावरून ते आलं.

बाबिलोनच्या अक्कडीत 'शपत्तु' असा एक शब्द होता, महिन्याचा पंधरावा दिवस, पौर्णिमेचा. त्याचा शब्बाथशी काय संबंध, यावर पंडितांचं शंभरावर वर्षं भांडण चालू आहे. आपण त्यात पडायला नको.

आता बैलाकडे येते, कारण त्याच्याच पाठोपाठ आपल्याला कोकणात जायचं आहे.

दहा आज्ञा जुन्या करारात दोनदा येतात आणि शब्बाथ का पाळायचा, याचं कारण दोन्हीकडे वेगळं आहे. 'निर्गम' या पुस्तकात कारण सृष्टीचं: देव सहा दिवसांत हे सगळं करून सातव्या दिवशी थांबला, म्हणून तुम्ही थांबा. 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात कारण बदलतं: तुम्ही मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम होता, ते विसरू नका. गुलामाला थांबता येत नाही, म्हणून जो सुटला त्याने थांबायचं. आणि एकट्याने नव्हे. मुलगा, मुलगी, दास, दासी, दारी आलेला परका, आणि पुढे नाव घेऊन सांगितलंय: तुझा बैल, तुझं गाढव. रोमन लोकांना यातलं काही पटत नसे. त्यांचा तत्त्वज्ञ सेनेका म्हणायचा, हे यहुदी आयुष्याचा सातवा हिस्सा आळसात घालवतात. त्याच्या घरचा बैल काय म्हणाला असता, कोण जाणे. आपल्याकडे बैलाला पोळ्याच्या दिवशी जुंपत नाहीत, वर्षातून एकदा. तिकडे वर्षातून बावन्न पोळे.

आता अलिबाग.

बेने इस्राएल म्हणजे इस्राएलचे मुलगे. जुन्या मराठी खतपत्रांत 'धोंडू बिन राघू' असं लिहीत, तो 'बिन' अरबी, आणि हिब्रूतला 'बेन' त्याचा सख्खा भाऊ. 'बेने' हे त्याचं अनेकवचन. त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, असं ते सांगतात. नवगावला त्यांची जुनी दफनभूमी आहे. ग्रंथ समुद्रात गेले, भाषा हळूहळू गेली, बोली कोकणची झाली, आडनावं गावांवरून पडली: नवगावकर, रोहेकर, पेणकर, झिराडकर. उरलं मोजकंच. मुलाची सुंता, खवले नसलेला मासा न खाणं, 'शमा' ही प्रार्थना, आणि शनिवारी थांबणं.

त्यांच्यातल्या पुष्कळांचा धंदा तेल गाळायचा. लाकडी घाणा तू पाहिला नसशील. उखळात उभी लाट, तिला बांधलेलं आडवं लाकूड, डोळ्यांवर ढापणं लावून गोल गोल फिरणारा बैल. त्या लाटेचं लाकूड लाकडावर घासून करकरत राहतं, सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत, एकसुरी. जवळ राहणाऱ्याला तो आवाज ऐकूच येईनासा होतो. ऐकू येतो तो थांबल्यावर. शुक्रवारी दिवस मावळायला त्या आळीतली करकर थांबायची आणि शनिवारभर सगळं चिडीचूप. बैल गोठ्यात रवंथ करत बसलेला. गावातल्या कोणाला हिब्रूचं अक्षर माहीत नव्हतं, शब्बाथ हा शब्द कोणी ऐकलेला नव्हता. पण कान होते. शनिवारी ज्यांचा घाणा थांबतो ते शनवार तेली. सोमवारी, शंकराचा वार म्हणून घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली होते, ते सोमवार तेली.

म्हणजे बघ, 'थांबणे' या अर्थाच्या शब्दाचं गावाने न शिकता भाषांतर करून टाकलं होतं. नावात वार आला तो थांबण्यामुळे. म्हणून तुझ्या आजीने जपलेला शब्द खोटा नाही, टाकाऊही नाही. त्या लोकांनी शेकडो वर्षं ग्रंथ नसताना काय जपलं, त्याचा तो शेजाऱ्यांनी ठेवलेला पुरावाच आहे.

मग काकू आत का गेल्या? त्या नावातला दुसरा शब्द आठव. तेल गाळण्यात कमीपणा काही नाही, पण आपल्या गावगाड्यात 'तेली' म्हटलं की कोणत्या पायरीवर बसायचं ते ठरून जायचं. आणि हे नाव त्यांनी स्वतः घेतलेलं नव्हतं, दुसऱ्यांनी पाडलेलं होतं. ते स्वतःला बेने इस्राएल म्हणत. पुढे मुंबई-ठाण्याला येऊन ते पलटणीत सुभेदार झाले, सुतारकाम-गवंडीकाम करू लागले, शिक्षक झाले, परिचारिका झाल्या. ठाण्यातलं त्यांचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, १८७९ सालचं आहे. एवढी मजल मारल्यावर घरी आलेल्या पोरीने चहाच्या कपाबरोबर घाणा समोर ठेवला, तर क्षणभर तोंडावर काहीतरी उमटणारच. त्यात 'आपल्यासारखंच मराठी' हे तू पत्रात लिहिलं आहेस, ते तिथे बोलली नसशील अशी आशा करते. अगं, ती त्यांचीही मायबोलीच. बेने इस्राएल लोक इस्राएलला जाऊन स्थायिक झाले, त्यांनी तिथे मराठी नियतकालिक काढलं, त्याचं नावच 'मायबोली'. अश्दोद, दिमोना, लोद इकडच्या घरांतून अजून मराठी ऐकू येतं.

माझीही एक फजिती सांगते. मी आठ-नऊ वर्षांची असताना आमच्या शेजारी एक बेने इस्राएल आजी राहायच्या. आईने त्यांच्याकडून दोन रुपये उसने घेतले होते, ते परत द्यायला मला पाठवलं. मी हात पुढे केला. आजींनी हात पदराआड घेतला आणि कोनाड्याकडे मान हलवली, 'तिथे ठेव पोरी, उद्या बघीन.' घरी येऊन मी आईला सांगितलं की आजी रागावल्या, पैसे हातातसुद्धा घेतले नाहीत. आईला दिवसभर चैन नाही. संध्याकाळी वाटी घेऊन गेली, तर आजी दारातच हसत उभ्या. शनिवार होता, शब्बाथला पैशाला हात लावत नाहीत. आम्ही त्यांच्या थांबण्याला राग समजलो होतो. तू एका टिकेवरून ब्लॉक केल्याचा निष्कर्ष काढलास, तेव्हा मला तो कोनाडा आठवला.

आता काय करायचं ते. माफीचे चार परिच्छेद पुरे झाले, आणखी नकोत. काकूंना समोरासमोर एकच वाक्य म्हण: 'काकू, त्या दिवशी मी आजीच्या तोंडचं नाव पटकन बोलून गेले, तुम्ही स्वतःला काय म्हणता ते आधी विचारायला हवं होतं.' आणि गप्प बस. त्या 'अगं, काय त्यात' म्हणतील, तिथे विषय संपव. मी तेव्हा असं का म्हणाले आणि माझ्या मनात तसं काही नव्हतं, हे पुराण लावू नकोस. त्याने समोरच्यालाच तुझी समजूत काढत बसावं लागतं.

जेवायला जरूर जा. शुक्रवारी रात्रीचं जेवण हा त्या घरातला आठवड्याचा सर्वांत मोठा क्षण, त्याला तुला बोलावलं आहे. सूर्यास्ताच्या आधी पोच. त्यांचा दिवस संध्याकाळी सुरू होतो, आपल्यासारखा सूर्योदयाला नाही. ठाण्यात हिवाळ्यात सहाच्या सुमाराला मावळतं, जूनमध्ये सव्वासात होतात, त्याप्रमाणे पनवेलहून निघ. घरातली बाई सूर्यास्ताच्या थोडं आधी दिवे लावते. एकदा लावले की नवा अग्नी पेटवायचा नाही, पुष्कळ घरांत विजेचं बटणही दाबत नाहीत. बाथरूममध्ये दिवा चालू दिसला तर आपल्या सवयीने बंद करून येऊ नकोस, तो मुद्दाम चालू ठेवलेला असतो. फोन पर्समध्ये. फोटो नको. सगळी घरं सारखी कडक नसतात, तेव्हा मैत्रिणीला आधी मोकळेपणाने विचार.

हात हलवत जाऊ नये, हे खरं; पण पेढे-बर्फी नेऊ नकोस. ताटात मटण किंवा चिकन असेल तर त्याच जेवणात दुधाचं चालत नाही. म्हणून तर त्यांच्या कालवणात आणि गोडातही नारळाचं दूध असतं. घरी केलेला पदार्थही नको, भांड्यांचा प्रश्न येतो. फळं ने. नाहीतर फुलं, पण तीही दिवे लागायच्या आत.

टेबलावर झाकलेल्या दोन पोळ्या किंवा दोन पाव दिसतील. दोनच का? मान्ना सहाव्या दिवशी दुप्पट पडायचा, म्हणजे सातव्या दिवशी वेचायला जायला नको. जुन्या करारात 'शब्बाथ' हे नाम पहिल्यांदा भेटतं ते या मान्नाच्याच गोष्टीत. द्राक्षारसाच्या जागी बहुधा काळ्या मनुकांचं सरबत असेल. मनुका पाण्यात भिजवायच्या, फुगल्या की हाताने कुसकरायच्या, गाळायच्या. कोकणात द्राक्षांचा मळा कुठला, तेव्हापासूनची ही तोड. रंग जांभळट तपकिरी, चव थोडी कोकमाच्या अलीकडची. आशीर्वाद म्हणून होईपर्यंत पेल्याला तोंड लावू नकोस.

सगळे एकमेकांना 'शब्बात शालोम' म्हणतील, तूही तेच म्हण. इस्राएलमध्ये शेवटच्या 'बात'वर जोर देऊन शब्बात म्हणतात. काकूंच्या पिढीचं, मराठी बायबलातलं रूप शब्बाथ. दोन्ही चालतं. शालोम म्हणजे आपल्या ओळखीचा सलामच, स-ल-म, सुखरूप असणं.

जेवण झालं की काकूंना त्यांचं गाव नेमकं कोणतं ते विचार. रेवदंड्यापासून दोन-चार कोसांवर निघालं, तर तुझ्या आजीच्या लहानपणच्या बाजारहाटाच्या गोष्टी तिथे कामाला येतील, आणि घाण्याचा विषय काढायचा की नाही ते काकू ठरवतील.

राहता राहिला मामाचा मेसेज. तो आणखी कोणाला पाठवू नकोस. मामा ऐकत नसेल तर त्याला फक्त आयनचा उच्चार करून दाखवायला सांग.